चिवड्याच्या डब्यातली तिसरी चिठ्ठी

हे मी कोणाला सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी हॉलचं दार लावता लावता आई म्हणाली होती, "जुई, या खोलीत जे कानावर पडेल ते या खोलीतच ठेवायचं." मी मान हलवली. मी एरवीही फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्या मान हलवण्यावर घरात सगळ्यांचा विश्वास आहे.

अडचण अशी की न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलकी माणसं ऐकलेलं त्याच संध्याकाळी वाटून मोकळी होतात. माझ्याकडचे तसेच पडून राहतात, फ्रीजरमधल्या मटारांसारखे, आणि एक काढायला गेलं की चार चिकटून येतात. ग्रंथालयातल्या शनिवारच्या मराठी वर्गाच्या बाई म्हणाल्या, हस्तलिखितासाठी घरात पाहिलेलं लिहा, वाचलेलं नको. मी घरात हेच पाहिलं आहे. पेशंटची नावं मला सांगता येणार नाहीत, कारण ती मलाही माहीत नाहीत. ती त्या खोलीत कोणीच घेत नाही.

खोलीत दर रविवारी सकाळी चार डॉक्टर बसतात. एक माझी आई. ती मेंदूची आणि नसांची डॉक्टर आहे. दुसऱ्या नसरीन आंटी, त्या मनाच्या डॉक्टर. तिसरे श्रीनिवास अंकल, वयाने सगळ्यांत लहान. ते लॅपटॉप आणि भिंतीवर चित्र टाकणारं यंत्र घेऊन येतात. आणि चौथे सर. सरांनी या तिघांनाही शिकवलं आहे, म्हणून ते नुसतेच सर. ते मूळचे गुंटूरचे, पण तीस वर्षं हैदराबादेतच.

पूर्वी ही बैठक हॉस्पिटलच्या सेमिनार हॉलमध्ये व्हायची. मग आंध्र प्रदेशाची वाटणी होऊन दोन राज्यं झाली आणि त्या हॉलला कुलूप लागलं. आतल्या खुर्च्या कोणाच्या, प्रोजेक्टर कोणाचा, हे ठरेपर्यंत कोणी बसायचं नाही, म्हणून बैठक आमच्या घरच्या हॉलमध्ये आली. माझे बाबा सचिवालयात आहेत, ते त्या वर्षी दिवसभर फायलींचे दोन ढीग करायचे. सरकारी माणसांचेही दोन ढीग होणार होते. सर कुठल्या ढिगात जातील, हे कोणी बोलून दाखवत नसे, पण गुंटूर पलीकडच्या राज्यात गेलं हे सगळ्यांना माहीत होतं.

मी चहा देते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते. त्या जागेवरून मला सरांविषयी एक गोष्ट दिसली. ती सांगावी की नाही, हा प्रश्न मी कितीतरी रविवार सांभाळला. पण ते ओघाने येईल.

* * *

आधी वॉचमनचा किस्सा, कारण तो ऐकला की पुढचं सगळं समजतं.

वाटणीनंतर हॉस्पिटलात नवी ओळखपत्रं निघाली. गेटवर नवा वॉचमन आला. पहिल्याच दिवशी त्याने सरांना अडवलं. सरांच्या गळ्यात जुनं कार्ड, त्यावर जुन्या राज्याचं नाव.

"ये नहीं चलता," वॉचमन म्हणाला.

सर बाजूला उभे राहिले. त्यांच्यादेखत औषध कंपनीचा एक माणूस चकचकीत कार्ड दाखवून आत गेला, वॉचमनने त्याला सलामही केला. शेवटी सुपरिंटेंडेंट स्वतः धावत आले आणि वॉचमनवर ओरडू लागले. सरांनी त्यांना थांबवलं.

"त्याला काही बोलू नका. इतकं मन लावून काम करणारा माणूस मी या गेटवर पाहिला नाही. फक्त त्याच्याजवळचा नमुना चुकीचा आहे."

हे त्यांनी आमच्या हॉलमध्ये सांगितलं आणि मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, "जुईम्मा, आम्ही रविवारी ज्या आजारांवर डोकं फोडतो ना, ते सगळे हेच. शरीराचा वॉचमन घरच्याच माणसाला अडवतो. तो वाईट नसतो."

मी सहसा विचारत नाही, पण त्या दिवशी विचारलं, "मग औषध म्हणजे काय करता?"

"वॉचमनला थोडी डुलकी आणतो. फार नाही, नाहीतर चोर शिरतात."

"आणि त्याच्याजवळचा नमुना बदलून देता येत नाही?"

सरांनी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते आमच्याच्याने झालेलं नाही. ते तुझ्यासाठी ठेवलं आहे."



* * *

कुकटपल्लीकडची एक मुलगी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पॉलिटेक्निकला. एक दिवस वर्गात विनाकारण हसायला लागली. मग दोन रात्री झोपली नाही. मग भिंतीशी बोलायला लागली. घरच्यांनी दर्ग्यात नेलं, देवळात नेलं, मग नसरीन आंटींकडे आणलं. तोवर ती बोलायचीही बंद झाली होती. डोळे उघडे, अंग ताठ.

नसरीन आंटींनी तिची केस हॉलमध्ये मांडली तेव्हा म्हणाल्या, "सब बोलरे, मेंटल है, औषध वाढवा. मैं बोली, नक्को. मैं उसका मुँह देख री थी." त्या मुलीचं तोंड सतत हलायचं. समोर काही नसताना काहीतरी चावत असल्यासारखं. आंटी म्हणाल्या, वेडेपण असं चावत नाही.

सरांनी एकच प्रश्न विचारला: "पोटाचा स्कॅन केला?"

मेंदूचा आजार आणि पोटाचा स्कॅन! मी दाराशी कप धरून तशीच उभी राहिले. स्कॅन झाला. तिच्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ होती. ती काढून उघडली तर आत केस होते आणि एक दात. कधीकधी अशी गाठ होते, आई म्हणाली, आणि तिच्यात मेंदूसारखे थोडे कणही असतात. शरीराचा वॉचमन त्या कणांना पकडायला निघतो आणि तोच नमुना घेऊन वर खऱ्या मेंदूपर्यंत पोचतो.

मी त्या रात्री आरशात माझे दात मोजले.

गाठ काढली, औषधं दिली, पण मुलगी लगेच उठली नाही. आठवडे गेले. मग एका सकाळी तिने पाणी मागितलं. नवशिका डॉक्टर धावत फॉर्म घेऊन आला. शुद्धीवर आलेल्या माणसाला काही ठरलेले प्रश्न विचारतात. नाव? बरोबर. आईचं नाव? बरोबर. आपण कुठल्या गावात आहोत? हैदराबाद. बरोबर. कुठल्या राज्यात?

"आंध्र प्रदेश," ती म्हणाली.

त्याने फुली मारली आणि लिहिलं: पेशंटला स्थळाचं भान नाही.

नसरीन आंटींनी तो कागद त्याच्या हातातून घेतला. "अरे, उसकू क्या मालूम? वो सोई तब एकच था. उठी तो दो हो गए."

मग खातरजमा म्हणून त्यांनी तोच प्रश्न मुलीच्या वडिलांना विचारला. ते सरकारी नोकरीत. वडिलांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "डॉक्टरम्मा, आम्हाला अजून ऑर्डर आली नाही."

* * *

उचकीचा किस्सा आईचा आहे.

एका बाईंना उचकी लागली. लागली ती थांबेचना. दिवसा, झोपेत, जेवताना. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या सासूबाई फार पद्धतशीर. त्यांनी वहीत सगळ्या नातेवाइकांची यादी केली आणि एकेकाला फोन लावला: "आमच्या सुनेची आठवण काढताय का? काढत असाल तर कृपा करून थांबवा." नांदेडच्या आतेसासूपर्यंत फोन झाले. सगळ्यांनी शपथेवर नाही सांगितलं.

पोटाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. पोट ठणठणीत. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "एका डोळ्याने धूसर दिसतंय." डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईकडे पाठवलं.

आईने हॉलमध्ये केस सांगायला घेतली, "डोळ्याने धूसर दिसतंय, पस्तिशीची बाई," आणि सर मध्येच म्हणाले, "उचक्या लागत होत्या का?"

आईने उचकीचा अजून उच्चारही केला नव्हता. मेंदूच्या मुळाशी एक इवलीशी जागा असते, तिथे वॉचमनने गडबड केली की उचकी लागते, आणि त्याची पुढची फेरी डोळ्याच्या नसेवर असते. सरांनी डोळ्यावरून मागे चालत जाऊन उचकी गाठली होती.

बाई बऱ्या झाल्या. आईने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे डॉक्टर, इतके दिवस माझी आठवण कोणीच काढत नव्हतं का?"

त्या दिवशी घरी आल्यावर आईने माझ्या मावशीला फोन केला, काही काम नसताना.

* * *

बेगम बाजारात मसाल्यांच्या ठोक दुकानात एक मुनीम होते. सकाळी दुकान उघडताना दोन्ही डोळे लख्ख. दुपार झाली की उजवी पापणी खाली यायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, डोळा मारतोय. एका बाईने तर त्यांच्या तोंडावर मूठभर धणे फेकले. मालकाने त्यांना मागे गोदामात बसवलं.

ते श्रीनिवास अंकलकडे आले. अंकलना संशय मायस्थेनियाचा. त्या आजारात नस हुकूम देते, पण स्नायू थोडं काम करून दमतो. विश्रांती मिळाली की पुन्हा ताजा. एक साधी परीक्षा आहे: पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवायचा. गारव्याने पापणी वर आली तर संशय पक्का धरायचा, मग रक्त वगैरे तपासायचं.

वॉर्डात बर्फ नव्हता. फ्रीज होता, पण तो कुठल्या विभागाचा यावरून बंद होता. अंकल गेटबाहेर गेले आणि उसाच्या रसवाल्याकडून बर्फाचा तुकडा घेऊन आले. रसवाला मागोमाग आला, कारण डॉक्टर बर्फ घेऊन कुठे पळतो हे त्याला पाहायचं होतं.

दोन मिनिटं झाली. अंकलनी रुमाल काढला. पापणी पडद्यासारखी वर गेली.

मग रसवाला हळूच म्हणाला, "साब, हे माझ्या बर्फाने झालं?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीवर गुडघेदुखीवाल्यांची रांग होती.

सगळे खूप हसले. सरही हसले. पण मी हसले नाही, कारण अंकल 'दुपार झाली की पापणी खाली यायची' म्हणाले तेव्हा माझी नजर आपोआप सरांकडे गेली होती.

सर खिडकीकडे पाठ करून बसतात. बाकी तिघं समोर भिंतीवरची चित्रं पाहत असतात. सर बोलले की तिघं वळतात, पण खिडकीच्या उजेडात त्यांना नुसती आकृती दिसते. स्वयंपाकघराचं दार सरांच्या डाव्या हाताला आहे. तिथून मला त्यांचा डावा डोळा दिसतो. दहा वाजता तो उघडा असतो. पहिली केस संपेपर्यंत ठीक. दुसऱ्या केसला अर्धा. तिसऱ्या केसला सर एक डोळा मिटून वाचतात आणि हनुवटी तळहातावर ठेवतात. सगळ्यांना वाटतं, सर विचार करताहेत.

पूर्वी त्यांना माझ्या आईचे वडे आवडायचे. आता अर्धा खाऊन ताटलीत ठेवतात. चहा गार करून, घोट घोट घेतात, आणि एकदा घोट घेऊन इतके खोकले की नसरीन आंटींनी पाठ चोळली.

मी एकदा आईला म्हटलंही. ती कुकर लावत होती.

"आई, सरांचा डावा डोळा."

"काय झालं?"

"तिसऱ्या केसला पडतो."

आई हसली. "अगं, वय झालं त्यांचं. चाळीस वर्षं ते लोकांचे डोळे तपासताहेत. त्यांना स्वतःचा कळणार नाही?"

मला ते पटलं. म्हणजे पटायला हवं, असं वाटलं.

* * *

सरांची ऑर्डर आली. पुढच्या महिन्यात गुंटूरला हजर व्हायचं. त्यानंतरच्या रविवारी वडे कोणीच खाल्ले नाहीत. सर मात्र नेहमीसारखे होते. म्हणाले, "केस आणा, तोंडं आणू नका." मग त्यांनी स्वतःचीच एक जुनी केस सांगितली. ती या तिघांनी पूर्वी ऐकली होती, मी पहिल्यांदा ऐकली.

सर तेव्हा तरुण होते. आबिड्सजवळच्या एका शाळेतल्या शिक्षिका साध्या ऑपरेशनसाठी आल्या. ऑपरेशन छान झालं. भूल उतरली, शुद्ध आली, पण श्वास आला नाही. छातीचे स्नायू कामालाच लागेनात. मशीनवर ठेवावं लागलं. कारण कोणाला सापडेना. सरांना बोलावलं, त्यांनाही दोन दिवस सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या वर्गातल्या मुली भेटायला आल्या. व्हरांड्यात उभ्या होत्या. सरांनी सहज विचारलं, "तुमच्या टीचर कशा आहेत?" एक मुलगी म्हणाली, "छान आहेत. पहिल्या तासाला कविता म्हणतात. शेवटच्या तासाला त्यांचा आवाज जातो, मग आम्ही वाचतो आणि त्या ऐकतात."

मायस्थेनिया. कोणाला आधी कळलं असतं तर भूल देणाऱ्याने वेगळी औषधं वापरली असती, आधीपासून तयारी केली असती.

"वर्षभर मुलींना माहीत होतं," सर म्हणाले. "मुलींना वाटलं, मोठ्यांना कळत असेलच. आणि आम्ही मुलींना विचारलं नाही."

त्या बाई वाचल्या का, हे सरांनी सांगितलं नाही.

निघताना दारात चपला घालत सर आईला म्हणाले, "पुढचा रविवार माझा शेवटचा. जायच्या आधी तो पित्ताचा खडाही काढून टाकतो. त्यानंतरच्या बुधवारची तारीख घेतली आहे. छोटं काम आहे, दुसऱ्या दिवशी घरी."

आई म्हणाली, "हो सर, उरकून टाका."

मी सरांची छत्री हातात धरून उभी होते. ती द्यायची राहूनच गेली.

* * *

आता शेवटचा किस्सा. यासाठी चिठ्ठीची पद्धत सांगायला हवी.

निजामाबाद, आदिलाबादकडचे काही डॉक्टर बैठकीला येऊ शकत नाहीत. ते अडलेली केस आईच्या फोनवर पाठवतात. सरांना फोनवर वाचणं आवडत नाही, म्हणून ती केस मी सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवते. पेशंटचं नाव नाही, पाठवणाऱ्या डॉक्टरचंही नाही, कारण सरांचं म्हणणं, नाव दिसलं की माणूस आजार सोडून नाव तपासतो. चिठ्ठ्या घडी करून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. सर एकेक काढून मोठ्याने वाचतात. सगळे प्रश्न विचारतात. निदान झालं की शेवटी विचारायचं, केस कोणाची, आणि मग आई त्या डॉक्टरला फोन लावते.

त्या आठवड्यात दोन केसेस आल्या होत्या. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. मग तिसरी लिहिली. ती लिहायला मला चार दिवस लागले. तीन वेळा फाडली. इतक्या केसेस उतरवल्यावर कशी लिहायची ते मला माहीत होतं: काय दिसतं तेवढंच लिहायचं, काय वाटतं ते नाही.

रविवारी सरांनी पहिल्या दोन चिठ्ठ्या वाचल्या. तिसरी उघडली तेव्हा साडेबारा झाले होते. मी स्वयंपाकघरात फ्रीजपाशी होते, पण तिथूनही हॉल दिसत होता आणि ऐकू सगळं येत होतं.

"वय साठच्या आसपास," सर वाचू लागले. "पुरुष. शिकवण्याचं काम. सकाळी दोन्ही डोळे नीट उघडे. दोन-तीन तासांनी डावी पापणी खाली येते. वाचताना एक डोळा मिटून घेतात. हनुवटीला हाताचा आधार देतात. कडक पदार्थ अर्धा सोडतात. चहाचा ठसका लागतो." सर थांबले, पाणी प्यायले. "एक पान वाचून झालं की आवाज नाकातून येऊ लागतो. मग कागद शेजारच्याच्या हातात देतात."

आणि सरांनी कागद शेजारी श्रीनिवास अंकलच्या हातात दिला. "वाच पुढचं."

अंकलनी घेतला. कोणालाही काही वाटलं नाही.

नसरीन आंटी म्हणाल्या, "दो-दो दिखते क्या उनकू?"

"लिहिलं नाही," आई म्हणाली. "पण एक डोळा मिटतात म्हणजे दिसत असणार. किती दिवसांपासून आहे?"

"चार महिने," अंकलनी वाचलं.

"चार महिने!" सर हनुवटी तळहातावर टेकून म्हणाले. त्यांचा आवाज आता खरंच नाकातून येत होता. "अरे, ही अडलेली केस आहे का? हे तर सेकंड इयरचा पोरगा सांगेल. मायस्थेनिया. चार महिने याच्याजवळ राहणारी माणसं काय करत होती? सगळी आंधळी आहेत का?"

"ओळखीत कोणी डॉक्टर नसेल, सर," आई म्हणाली.

"हौ," नसरीन आंटी म्हणाल्या. "बिचाऱ्याचं कोणी नसेल."

"आणखी एक ओळ आहे," श्रीनिवास अंकल म्हणाले. "बुधवारी पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन ठरलं आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही."

सर खुर्चीत ताठ झाले. "थांबवा ते. आत्ता फोन लावा. बुधवार म्हणजे परवाच्या पलीकडे. केस कोणाची?"

श्रीनिवास अंकलनी कागद उलटून पाहिला.

"कोणाची केस आहे?" सरांनी पुन्हा विचारलं.

आईने फोन काढला, वर-खाली केला. "सर, माझ्याकडे तर या आठवड्यात दोनच आल्या होत्या." मग तिने अंकलच्या हातातला कागद घेतला. अक्षर माझंच होतं, पण ते नेहमीच माझं असतं. तिने कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मला तिची पाठ दिसत होती. मध्येच ती पाठ हलायची थांबली.

मी हॉलमध्ये गेले. हातात ट्रे होता. चहाची वेळ झालीच होती, म्हणून कोणी आधी पाहिलं नाही. मी सरांच्या समोर जाऊन ट्रे पुढे केला. ट्रेमध्ये बाबांचा धुतलेला रुमाल होता आणि वाटीभर बर्फ.

सरांनी वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ताटलीतल्या आपल्या अर्ध्या वड्याकडे.

नसरीन आंटींनी उठून सरांची खुर्ची खिडकीकडे फिरवली. उजेड पहिल्यांदा सरांच्या चेहऱ्यावर पडला. "या अल्ला," त्या इतकंच म्हणाल्या. श्रीनिवास अंकल लॅपटॉप मिटून उभे राहिले. आईने हातातलं घड्याळ काढलं आणि समोर धरलं.

सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मला म्हणाले, "तू ठेव. केस तुझी आहे."

मी बर्फ रुमालात गुंडाळला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. माझ्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत गेलं. एवढा वेळ मी कोणाच्या इतक्या जवळ कधी उभी राहिले नव्हते. सर फक्त एकदा हळूच म्हणाले, "शेवटच्या तासाला."

"दोन मिनिटं," आई म्हणाली.

मी रुमाल काढला. सगळे एकदम पुढे वाकले. आणि सरांचा तो डोळा…

थांबा, हॉलमधून हाक आली. सर आज पहाटेच्या गाडीने गुंटूरहून आलेत आणि म्हणताहेत, "जुईम्मा, डबा आण, चारही चिठ्ठ्या मीच वाचणार, कोणी हात लावायचा नाही," आणि आवाज अगदी शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत.